पडली का, हदगाव?

अमावस्या जवळ आली की माझा फोन वाजतो आणि माझं डोकं फिरतं. पलीकडून नमस्कार नाही, कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. एकदम सुरुवात, "हं, हदगाव. पडली का?"

"नाही पडली, अप्पा."

"नीट बघ."

"बघितलं. सकाळीच बघितलं."

"आता बघ."

मग मी नांदेडच्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, फोन कानाला लावून ती टेस्ट पुन्हा चालवायची. ती संपेपर्यंत त्यांनी तिकडं देवणीत श्वास रोखून बसायचं. हिरवी झाली म्हटलं की "बरं" म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. ज्या टेस्टची ही चौकशी चालते ती दुरुस्त होऊन कितीतरी वर्षं झाली. हे त्यांना माहीत आहे, कारण दुरुस्त करताना शेजारी तेच बसले होते. पण ऐकतो कोण!

हदगाव हे माझं नाव नव्हे, गाव. मी आधी लातूरच्या ऑफिसात होते. तिथले आमचे साहेब म्हणजे अप्पा, त्यांनी कुणालाच कधी नावानं हाक मारली नाही. माझ्या शेजारी बसणारा इंजिनियर बिलोलीचा, म्हणून तो बिलोली. कंपनीचे मालक नांदेडला बसायचे, तर त्यांनाही हा माणूस फोनवर "बोला नांदेड" म्हणायचा. मी सुरुवातीला दोन-चारदा सांगून बघितलं, अप्पा, मला नाव आहे हो. तर म्हणाले, "नाव काय, मायबाप कायबी ठेवतेत. गाव खरं असतंय." आता यावर काय बोलायचं? अप्पा हेही काही त्यांचं नाव नव्हे, लातुरात दर दुसरा माणूस अप्पा असतो. ते स्वतः देवणीचे. पण त्यांना देवणी म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण देवणी म्हटलं की आपल्याकडं बैल डोळ्यासमोर येतो, आणि अप्पांची मान, खांदे आणि एकदा बसले की न उठणं बघितलं की तो जरा जास्तच येतो. पाठीमागं मात्र आम्ही तेच म्हणायचो.

आमचं काम काय, हे माझ्या घरच्यांना अजून सांगता येत नाही, तरी सांगते. वेबसाइट करणारे वेबसाइट करतात. ती नीट चालते का हे रोज माणसानं बटणं दाबून बघायचं म्हटलं तर त्यातच दिवस जाईल. म्हणून रूबी नावाच्या भाषेत छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायचे. ते आपले आपणच ब्राउझर उघडतात, नाव-पासवर्ड भरतात, बटण दाबतात आणि पानावर जे यायला पाहिजे ते आलं का बघतात. आलं तर हिरवी ओळ, नाही आलं तर लाल. लाल आली की आम्ही म्हणतो टेस्ट पडली. ती का पडली हे शोधणं म्हणजे डोक्याला नुसता ताप. कधी साइट बिघडलेली असते, कधी टेस्टच चुकीची लिहिलेली असते, कधी पान यायला उशीर झालेला असतो. आणि हा ताप कमी होता म्हणून की काय, देवानं वर अप्पा दिले होते.

जगात सगळीकडं या टेस्ट पडद्याआड चालवतात. ब्राउझर दिसत नाही, काम झपाझप होतं. अप्पांना ते अजिबात चालायचं नाही. ब्राउझर डोळ्यांपुढं उघडलाच पाहिजे, वेग कमी केला पाहिजे आणि आपण तो बघत बसलं पाहिजे. ते चपला काढून खुर्चीवर मांडी घालायचे आणि आपोआप भरत जाणाऱ्या पानाकडं असे बघायचे, जशी समोर कुस्ती लागलीय. आपण चुकून कीबोर्डकडं हात नेला की ओरडायचे, "ब्याडा, ब्याडा!" ब्याडा म्हणजे कानडीत नको. देवणीच्या पलीकडं कर्नाटक लागतं, त्यामुळं अप्पांना राग कानडीत यायचा आणि समजावायची वेळ आली की उर्दू सुरू व्हायची. "जरा इत्मीनानसे बघ की. आधी बघ, मंग बोल." बघून बघून माझे डोळे गेले.

दुसरा छळ म्हणजे वाचन. लाल ओळ आली की ती मोठ्यानं वाचायची. मनात नाही, मोठ्यानं, सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशी. आणि मग मराठीत सांगायची.

"बटण सापडलं नाही," मी सांगायची.

"कुणाला सापडलं न्हाई?"

"टेस्टला."

"कुठं बघितलं तिनं?"

"पानावर."

"कोणत्या पानावर? ते पान आलं होतं का? कोण म्हणालं आलं होतं म्हणून? तू बघितलीस?"

कॅम्पसमध्ये पहिली आलेली मुलगी मी, आणि पाचवीतल्या पोरीसारखी वाचून दाखवत बसले होते. वर त्यांचं म्हणणं असं, की टेस्टनंसुद्धा प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी बोलून दाखवलं पाहिजे. आता अमुक पान उघडते, आता अमुक तारीख निवडते. मी एकदा वैतागून म्हटलं, "अप्पा, हे सगळं उघडच आहे की, लिहायचं कशाला?" तर म्हणाले, "तुला उघड हाय. दुसऱ्याला का उघड हाय?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि ते उभं राहणं! पान यायला उशीर होतो म्हणून आम्ही सगळेच टेस्टमध्ये एक ओळ घालायचो, पाच सेकंद थांब. सोपं काम. अप्पांना ती ओळ दिसली की ते ज्यानं लिहिली त्याला टेबलापाशी बोलवायचे आणि उभं करायचे. काही बोलायचे नाहीत. सुशीला खात बसायचे. त्यांच्या डब्यात मुरमुऱ्यांची सुशीला नाही असा दिवस मी बघितला नाही. मग विचारायचे, "काय झालं एवढ्या टायमात?"

"काही नाही."

"मग टेस्टमधी काय होणार? नुसतं थांबू नगं. वाट कशाची बघायलीस ते लिही. बटण यायची वाट बघायलीस? मग लिही, बटण आलं की जा. न्हाई आलं तर बोंब मार. पण कशासाठी थांबलीस ते मालूम पाहिजे."

बिलोलीला त्यांनी एकदा सलग तीन ओळींसाठी तीनदा उभं केलं. तो बिचारा जागेवर येऊन म्हणाला, "ह्या माणसाला घरी बायको कसं सहन करून राहिली?"

हिरवी ओळ आली म्हणजे सुटलो असंही नव्हतं. उलट तेव्हाच जास्त भीती. आम्ही खूश होऊन चहाला उठणार, तेवढ्यात अप्पा येऊन पानावरचं एखादं बटण मुद्दाम काढून टाकायचे आणि टेस्ट पुन्हा चालवायचे. तरीही हिरवी आली की म्हणायचे, "ही तर मेलेली हाय." म्हणजे आमची सकाळपासूनची मेहनत पाण्यात. लाल ओळीवर त्यांचा सख्ख्या लेकरासारखा जीव. "पडणारी टेस्ट इमानी असती. पयल्या दमात हिरवी झालेलीवर भरवसा ठेवायचा न्हाई." मी हे सगळं ऐकून घ्यायची आणि घरी खोलीवर जाऊन उशीवर बुक्क्या मारायची.

ऐकून घ्यायला कारण होतं. माझे वडील हदगावला मास्तर. त्यांच्या मते जगात खरी नोकरी एकच, शिक्षकाची. मला लातूरला येऊ दिलं ते एका अटीवर, की कंपनीनं कायम केलं तर ठीक, नाहीतर परत यायचं आणि बी.एड. करायचं. कॉलेजही त्यांनी बघून ठेवलं होतं. मला बी.एड.चं काही वाईट वाटत नव्हतं, पण फळ्यापुढं उभं राहायचं नुसतं मनात आलं की मी विषय बदलायची. हे काम, अप्पांसकट, मला हवं होतं. माझे उमेदवारीचे महिने संपत आले होते आणि मला कायम करायचं का नाही, हे नांदेडवाले मालक ठरवणार होते.

आणि नेमकी माझीच एक टेस्ट पडत होती.

लातूरच्या आडत्यांच्या, म्हणजे शेतमालाच्या दलालांच्या, एका मंडळासाठी आम्ही साइट केली होती. आडतीवर माल घेऊन एकदम गाड्यांची गर्दी होते, म्हणून विकणाऱ्यानं तीन दिवस आधीपासून घरबसल्या नंबर लावायचा. पानावर तारीख निवडायची, ‘नंबर लावा’ हे बटण दाबायचं. माझी टेस्ट तेच करायची. आजच्या पुढचा तिसरा दिवस निवडायचा, बटण दाबायचं, नंबर लागला का बघायचं. महिना महिना ती गुणी पोरीसारखी हिरवी असायची आणि एखाद्या दिवशी अचानक, बटण सापडलं नाही. त्या दिवशी कितीदाही चालवा, लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी काही न करता हिरवी. पहिल्यांदा आम्ही म्हटलं, नेट खराब असेल. पुढच्या वेळी नवा ब्राउझर आला होता, त्याच्या नावानं खडे फोडले. बिलोलीनं उपाय सांगितला, की पडली तर टेस्टनं आपोआप पुन्हा चालायचं, तरी पडली तर पुन्हा. अप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, "नापास झालेल्याला पास होस्तोवर पेपरला बसवायचं का?" आणि ती ओळ पुसून टाकली.

मग आला तो सोमवार. मंगळवारी मंडळाची माणसं साइट बघायला येणार होती, मालकही नांदेडहून येणार होते. आणि सोमवारी सकाळी टेस्ट पडली. उद्या ती आपली आपण हिरवी होईल, यावर नोकरी कोण लावणार? वरून त्याच आठवड्यात गुरुवारी येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं, गावात चिटपाखरू राहत नाही. आम्हा हदगावकरांना ह्याचं एवढं काही नसतं. अप्पा मात्र सकाळपासून प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन देवणीच्या शेताचं आमंत्रण देत होते. माझ्याकडं तर तीनदा येऊन गेले. इथं माझं घर जळतंय आणि हे म्हणतायत, येळवसची भज्जी खायला ये.

दुपारी मालकांचा फोन आला. माझ्याशीच बोलले. "हे बघा, एका टेस्टनं काय होऊन राहिलं? काढून टाका ती. उद्या सगळं हिरवं दिसलं पाहिजे. तुम्हाला कायम करायचं का नाही, हे मी उद्या तिथं येऊनच सांगणार आहे. एवढं लक्षात ठेवा."

मी ठेवलं लक्षात! टेस्ट काढायला हात पुढं केला, तोच मागून आवाज आला, "ब्याडा."

माझा बांध फुटला. "अप्पा, मालकांनी सांगितलंय!"

"सांगू दे की. काढायची न्हाई."

"तुमचं काय जातंय? तुमची नोकरी पक्की आहे! बी.एड. मला करायचंय!"

सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. बिलोली डबा खायचा थांबला. अप्पांनी शांतपणे शेजारची खुर्ची ओढली, चपला काढल्या, मांडी घातली. "रागात हायस. बरं हाय. आता मोठ्यानं वाच."

देवा, त्या क्षणी मला कॉम्प्युटर उचलून खिडकीतून फेकावासा वाटला. पण वाचलं. "विक्रेता म्हणून आत आले. तारीख निवडते, गुरुवार. बटण दाबते, नंबर लावा. बटण सापडलं नाही."

"पुन्हा."

पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

"गुरुवार!" मी किंचाळलेच. "तारीख गुरुवार! तुमच्या त्या येळवसचा गुरुवार, ज्याचं आमंत्रण देऊन देऊन सकाळपासून तुम्ही माझा जीव खाल्ला, तो गुरुवार! बटण सापडलं नाही! झालं समाधान?"

अप्पांचा चहाचा कप तोंडापर्यंत गेला होता, तिथंच राहिला. जरा वेळानं म्हणाले, "येळवसला आडत कुठं उघडी असती?"

"मला काय माहीत? आणि मला माहीत नाही तर मशीनला कुणी सांगितलं?"

ते उत्तर द्यायला थांबलेच नाहीत. वळले, स्वतःचा कॉम्प्युटर ओढून घेतला आणि साइटच्या जुन्या कोडमध्ये शिरले. तिथं प्रत्येक ओळीपुढं ती कुणी लिहिली हे दिसतं. त्यांनी एक ओळ माझ्यापुढं केली. साइट नवी होती तेव्हाची. अमावस्येचा दिवस असेल तर बटण दाखवू नको. खाली पुढच्या कितीतरी वर्षांच्या अमावस्यांच्या तारखा. आणि ओळीपुढं नाव, अप्पांचं.

"अमावस्येला आडतीवर सौदे निघत न्हाईत," ते म्हणाले. "आता ही काय सांगायची गोष्ट हाय? समद्याला मालूम हाय."

"मला नव्हतं मालूम!"

"तू हदगावची," ते म्हणाले. जसा काही माझाच गुन्हा.

म्हणजे बघा. टेस्ट निवडणार तीन दिवस पुढची तारीख. तिथं अमावस्या असली की पानावर बटण नाही, आणि का नाही याचा एक शब्दही नाही. टेस्ट पडणार अमावस्येच्या तीन दिवस आधी, त्यामुळं अमावस्येची आठवण होणार कुणाला? एखादी अमावस्या अशी यायची की तिच्या तीन दिवस आधी रविवार, तेव्हा टेस्ट चालायचीच नाही, म्हणून महिन्याचा हिशेबही लागेना. आणि हे करून ठेवलं कुणी? तर ज्या माणसानं आम्हाला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलायला लावली, त्या माणसानं! दुसऱ्याला का उघड हाय, असं विचारणाऱ्या माणसानं! बिलोली तर खाली वाकून हसत होता.

अप्पा हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी स्वतः मालकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बोला नांदेड. टेस्ट बरोबर हाय. पोरगी बरोबर हाय. चूक माझी हाय." आणि झालं ते सांगितलं.

मालक म्हणाले, "मग ती ओळ काढून टाका. बटण दिसू द्या. संपलं."

"अन् येळवसला माल घेऊन गाड्या आल्या मंजी? गेटला कुलूप, हमाल शेतात. माल कोण उतरवणार, तुमी?"

मालकांनी नाद सोडला. मग म्हणाले, "काय करायचं ते करा. उद्या दिसलं पाहिजे."

"दिसंल. पण एक ऐका. हिला कायम करायचं का न्हाई हे ह्या टेस्टवरनं ठरवणार असाल, तर इमानानं ठरवा. पडायचं तवा पडली ती. पाच जण तिला गप करायला बसले होते, तरी पडली. टेस्टचं काम तेवढंच असतंय."

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर अप्पा म्हणाले, "बघत काय बसलीस? दोन टेस्ट लिही. एक उघड्या दिवसाची, एक बंद दिवसाची. अन् आजचा दिवस म्हणून जी तारीख मिळती तिच्यावर भरवसा ठेवू नगं, तारीख आपण ठरवायची." मी तोंड मिटलं आणि कीबोर्ड ओढला.

संध्याकाळपर्यंत पानावर पाटी आली. बंद दिवस निवडला की बटणाच्या जागी कारण दिसायला लागलं. दोन्ही टेस्ट हिरव्या झाल्या. मी पर्स उचलली. अप्पांनी पाटी काढून टाकली, टेस्ट पुन्हा चालवली, ती लाल झालेली बघून खूश झाले, पाटी परत लावली. मग बरोबर तारखेच्या जागी चुकीची तारीख घातली. मी पर्स खाली ठेवली. पोटात कावळे ओरडत होते आणि हा माणूस माझी चांगली चालणारी टेस्ट पुनःपुन्हा पाडून बघत होता.

मंगळवारी मंडळाची माणसं आली. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर आडत्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतः माउस हातात घेतला आणि पहिल्यांदा कुठं दाबलं असेल? गुरुवारवर. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "येळवस. आडत बंद. दुसरी तारीख निवडा." मग इतके हसले की ठसका लागला. "आयला, मशीनला बी येळवस कळती की!" मालकही हसले, जशी काही ही त्यांचीच कल्पना. जाताना मला म्हणाले, "तुम्ही कायम." दोनच शब्द. मी जिन्यात जाऊन वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. बी.एड. बाहेरूनही करता येतं म्हणे."

गुरुवारी सगळं ऑफिस देवणीला अप्पांच्या शेतात. हिरवीगार ज्वारी, मध्ये पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, आणि पंगत बसलेली. अप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळून भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि तुरी-हरभऱ्याचे दाणे घालून केलेली भाजी, वाढत होते. माझ्या पानाशी आले आणि पळी वरच धरून थांबले.

"आज चालवलीस का?"

"अप्पा, आज सुट्टी आहे!"

"टेस्टला कसली सुट्टी? फोनवरनं बघता येतंय की."

सगळे जेवतायत, आंबिलीचे पेले भरतायत, आणि मी बाजरीचा उंडा हातात धरून ज्वारीच्या रानात नेटवर्क शोधत हिंडतेय. हिरवी आहे असं दाखवलं तेव्हा कुठं माझ्या पानात भज्जी पडली. तीन वेळा मागून खाल्ली मी. तसली भज्जी पुन्हा मिळाली नाही, हे मात्र खरं.

पुढं अप्पांचे गुडघे दुखायला लागले, मांडी घालून बसता येईना. मांडी नाही तर टेस्ट नाही, म्हणून ते नोकरी सोडून देवणीला गेले. मला नांदेडच्या ऑफिसात टेस्टचं सगळं काम सोपवलं. जायच्या दिवशी निरोप समारंभ नको म्हणाले, भाषण नको म्हणाले, फक्त माझ्या खुर्चीमागं येऊन म्हणाले, "ती माझ्या हातनं झालेली चूक हाय. ध्यान ठेव." मला वाटलं, बोलायची पद्धत असते, बोलले. पण पुढच्या अमावस्येच्या तीन दिवस आधी फोन वाजला, आणि तेव्हापासून वाजतोच आहे.

मी काय काय करून बघितलं! सांगितलं, अप्पा, आता ती तारखेवर अवलंबूनच नाही. "हाव," म्हणायचे, "पण बघ." चिडून बघितलं. एकदा मीटिंगमध्ये आहे म्हणून उचललाच नाही, तर बिलोलीला लावला. गेल्या दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली म्हणून लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले. नाकात नळी, हाताला सुई, आणि हे डोक्याशी ठेवलेल्या मशीनवरची ओळ टक लावून बघत पडलेले. मला म्हणाले, "हिरवी हाय बघ. पण माझा काय भरवसा न्हाई हिच्यावर." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

या अमावस्येच्या आधी फोन आला नाही.

सकाळी मी टेस्ट चालवून ठेवली. हिरवी. एरवी दहाच्या सुमाराला वाजतो, वाजला नाही. म्हटलं बरं झालं, एकदाची कटकट गेली. जेवायची सुट्टी झाली. फोन उलटा करून ठेवला, मग सरळ केला. नेटवर्क आहे ना बघितलं. समोरच्या नव्या मुलीनं काहीतरी विचारलं तर तिच्यावर खेकसले. थोडं थांबू, म्हटलं, येईल. शेतात असतील. चार्जिंग नसेल. दवाखान्यातली ती नळी सारखी डोळ्यापुढं यायला लागली, तरी मी आपली थांबले. आणि मग कानात तोच आवाज. नुसतं थांबू नगं. वाट कशाची बघायलीस ते सांग.

फोन लावला. बराच वेळ वाजला. काकूंनी उचलला.

"काकू, अप्पा कुठं आहेत? बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरली! हितंच बसलेत सकाळपासून, ह्या फोनाकडं बघत. जेवण न्हाई का पाणी न्हाई. आन् वाजला तर मला म्हणतेत, तू उचल."

मग खाकरल्याचा आवाज. "हं, हदगाव. पडली का?"

"नाही पडली!" मी ओरडलेच. "तुम्ही फोन का केला नाही? जीव घाबरा झाला माझा! काय काय मनात येऊन गेलं, कळतं का तुम्हाला?"

"बघायलो होतो."

"काय बघायला होतात?"

"मी गप बसलो तर तिकडनं येतो का, ते."

रडावं का शिव्या द्याव्यात, तेच कळेना. नाक ओढून म्हटलं, "आला ना? आता झालं समाधान?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी चांगलं बोलेल.

"आज आला," अप्पा म्हणाले. "एकदा आल्यानं काय कळतंय? पुढच्या अमावस्येला पुन्हा बघू."

आणि फोन ठेवून दिला. एवढा राग आला मला, एवढा राग आला, की भिंतीवरचं कॅलेंडर ओढून काढलं, पुढची अमावस्या शोधली, आणि तिच्या तीन दिवस आधीच्या चौकोनावर लाल पेनानं हा एवढा मोठा गोल केला.